नेटचा वेग कुठे अडतो आणि कोण अडवतं? थ्रॉटलिंग आणि ट्रॅफिक मॅनेजमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेट मंदावलं की पहिला संशय कंपनीवर जातो. कधी तो खरा असतो, पण बहुतेक वेळा दोष घरातल्या वायफायचा, भरलेल्या लाइनचा किंवा प्लॅनमधल्या अटीचा निघतो. यातलं काय घडतंय हे मोजून ओळखता येतं, आणि मोजल्याशिवाय केलेली तक्रार कुठेच पोचत नाही. म्हणून इथे आकडे जरा जास्त आहेत.

थ्रॉटलिंग आणि गर्दीमुळे मंदावणं यात फरक काय?

लाइनमध्ये जागा असतानाही कुणीतरी नियम लावून वेग खाली आणला, तर ते थ्रॉटलिंग. तुमचा कोटा संपला, तुम्ही विशिष्ट ॲप वापरताय, फोनचा हॉटस्पॉट चालू आहे, असं काहीतरी कारण त्या नियमामागे असतं. गर्दीत नियम कुणीच लावलेला नसतो. लाइन भरलेली असते आणि सगळ्यांनाच कमी मिळतं.

ट्रॅफिक मॅनेजमेंट यापेक्षा मोठं क्षेत्र आहे. रांग लागल्यावर कुणाचं पॅकेट (डेटाचा लहान तुकडा) आधी सोडायचं, कुणाला किती वाटा द्यायचा, कुठलं पॅकेट टाकून द्यायचं, हे सगळं त्यात येतं. थ्रॉटलिंग हे त्यातलं फक्त एक हत्यार.

प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण डाउनलोड ११ ते १२ च दाखवतं. कंपनी फसवते का?

नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट. शिवाय प्रत्येक पॅकेटवर पत्ते आणि तपासणीचा मजकूर चढतो. तारेवरून १५३८ बाइट जातात तेव्हा तुमच्या फाइलचे १४६० बाइट पोचतात. पाच टक्के तिथे गेले, हाती उरले सुमारे ११.९.

याच हिशोबातून एक उपयोगी खूण मिळते. प्लॅन २०० किंवा ३०० चा असूनही स्पीड टेस्ट दर वेळी ९३ ते ९५ वरच थांबत असेल, तर केबल तपासा. गिगाबिटला लॅन केबलच्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. एक तार तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर दोन्ही टोकं गुपचूप १०० वर उतरतात. स्वस्त राउटरचा पोर्टच १०० चा असला तरी हेच दिसतं.

वेगावर मर्यादा घालतात म्हणजे राउटर प्रत्यक्षात काय करतो?

बहुतेक ठिकाणी ‘टोकन बकेट’ नावाची पद्धत असते. बादलीत ठरलेल्या वेगाने टोकन पडत राहतात आणि पॅकेट जायला तेवढ्या बाइटांची टोकन खर्च होतात. टोकन शिल्लक असतील तर पॅकेट लगेच जातं.

समजा टोकन भरण्याचा वेग २० एमबीपीएस आहे, बादली १०० मेगाबाइटची आहे आणि लाइन १०० एमबीपीएसची. बादली भरलेली असताना डाउनलोड सुरू केलं तर पहिले १० सेकंद पूर्ण १०० मिळतात, मग वेग थेट २० वर येतो. स्पीड टेस्ट साधारण १० ते १५ सेकंदच चालते, त्यामुळे अशा लाइनवर ती छान आकडा दाखवते आणि मोठी फाइल मात्र रखडते. म्हणून चाचणी घ्यायची तर किमान दोन-तीन मिनिटं चालणाऱ्या डाउनलोडवर घ्यावी.

टोकन संपल्यावर दोन रस्ते असतात. पहिला, जादा पॅकेट सरळ टाकून देणं, म्हणजे पोलिसिंग. टीसीपीला, म्हणजे पॅकेट नीट पोचवण्याचे नियम सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलला, पॅकेट हरवल्याचं कळलं की तो वेग एकदम खाली आणतो, मग हळूहळू चढवतो, पुन्हा आपटतो. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो आणि सरासरी वेग मर्यादेपेक्षाही कमी भरतो. दुसरा रस्ता, जादा पॅकेट रांगेत थांबवून सावकाश सोडणं, म्हणजे शेपिंग. यात आलेख सपाट येतो, पण रांग लांबली की पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) वाढतं. आलेखाचा आकार पाहून मर्यादा कोणत्या प्रकारची आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

मुळात मॅनेजमेंटची गरजच काय? सगळी पॅकेट आली तशी सोडली तर?

तसं केल्यावर काय होतं हे १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामध्ये जेमतेम चारशे यार्डांचं अंतर, आणि त्या लाइनचा वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक तेच पुन्हा पाठवत होता आणि लाइन त्याच त्या पॅकेटांनी भरून जात होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय आजही प्रत्येक फोनमध्ये चालतो: नुकसान दिसलं की पाठवणाऱ्याने स्वतःहून वेग कमी करायचा. तेव्हा व्यवस्थापन असावं की नसावं हा प्रश्न उरलेलाच नाही. नियम सर्वांना सारखा आहे का आणि तो ग्राहकाला सांगितला आहे का, हे विचारायला हवं.

रात्री आठ ते अकरा नेट का मंदावतं?

घरी येणारी फायबर एकट्या तुमची नसते. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका पोर्टवर खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस आणि वर जाणारा १.२४४ जीबीपीएस असतो, आणि तो स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळ्यांनी एकाच क्षणी ओढलं तर ३२ घरांना प्रत्येकी ७८ एमबीपीएस आणि ६४ घरांना ३९ च्या आसपास. एरवी सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणून १०० आणि २०० चे प्लॅन विकता येतात आणि बहुतेक वेळ पुरतातही.

अडचण बऱ्याचदा त्याच्या वर असते. गल्लीतल्या केबलवाल्याच्या ओएलटीतून (घरोघरच्या फायबर जिथे जुळतात त्या यंत्रातून) वर जाणारी लाइन किंवा त्याने मोठ्या कंपनीकडून घेतलेली बँडविड्थ ग्राहक वाढले तशी वाढवलेली नसते. ओळखायची खूण अशी: वेग हळूहळू घसरतो, सगळ्याच सेवांचा घसरतो, पिंग वर-खाली होतं, आणि पहाटे पाचला सगळं ठणठणीत असतं. नियमाने लावलेली मर्यादा अशी घड्याळाबरोबर डुलत नाही. ती एका आकड्यावर खिळून बसते.

एफयूपी, म्हणजे ठराविक डेटानंतर वेग उतरवण्याची अट, नेमकी कशी लागते?

मोबाइलवर रोजचा कोटा संपला की बहुतेक प्लॅन ६४ केबीपीएसवर येतात, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. दोन मेगाबाइटचं साधं वेबपान उघडायला २५० सेकंद, चार मिनिटांहून जास्त. व्हॉट्सॲपचा मजकूर जातो. यूपीआयचा व्यवहार मात्र मध्येच वेळ संपून अडकू शकतो, तेव्हा कोटा संपलेल्या फोनवरून पैसे पाठवताना पावती आल्याशिवाय दुसऱ्यांदा बटण दाबू नका.

घरच्या फायबरवर अनेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनची खरी मर्यादा महिन्याला ३.३ टीबी, म्हणजे ३३०० जीबी असते, आणि त्यात अपलोडही धरतात. फोर-के व्हिडिओ तासाला ७ जीबी धरला तरी ४७० तास होतात, त्यामुळे साध्या घरात ही मर्यादा लागत नाही. ती लागते दुकानात आणि लहान ऑफिसात, आणि कारण बहुधा सीसीटीव्ही असतं. क्लाउडवर सतत चित्रण पाठवणारे चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस धरले तर दिवसाला ८६ जीबी, महिन्याला २.६ टीबी एकट्या कॅमेऱ्यांचे. कॅमेऱ्यात ‘हालचाल दिसली तरच अपलोड’ हा पर्याय चालू केला की हा आकडा खूप उतरतो.

आपत्कालीन कामासाठी लाइन घेणाऱ्यांनी ही अट नीट वाचावी. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वणव्यात सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण वाहनाचा ‘अनलिमिटेड’ डेटा मूळ वेगाच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्यावर आणला गेला होता. आग विझवण्याचं समन्वय त्याच लाइनवर चालू होतं.

फोनचा हॉटस्पॉट चालू आहे हे कंपनीला कसं कळतं?

प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. फोनमधून थेट निघालेलं पॅकेट ६४ ने सुरू होतं. लॅपटॉपचं पॅकेट फोनमार्गे आलं की ते ६३, किंवा विंडोज असेल तर १२७ होऊन बाहेर पडतं. हा फरक टॉवरपलीकडच्या यंत्राला दिसतो.

सगळं एन्क्रिप्टेड असताना मी काय पाहतोय हे त्यांना कसं ओळखता येतं?

मजकूर दिसत नाही, पण बाकी बरंच दिसतं. जोडणी सुरू होताना साइटचं नाव बहुधा उघडं जातं, डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची, विचारणा बहुतेक घरांत कंपनीच्याच सर्व्हरकडे जाते, आणि समोरचा आयपी पत्ता तर लपतच नाही. त्याशिवाय प्रवाहाचा आकार असतो: व्हिडिओ काही सेकंदांच्या झटक्यांत येतो, कॉल एकसारख्या लहान पॅकेटांत चालतो. पॅकेट तपासणारी डीपीआय यंत्रं एवढ्यावरून सेवा ओळखतात.

एकच सेवा अडकते, बाकी सगळं ठीक. म्हणजे मुद्दाम अडवलंय ना?

शक्यता आहे, पण आधी रस्ता तपासा. मोठ्या व्हिडिओ सेवा आपले साठे शहराशहरांत आणि कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये ठेवतात. जवळच्या साठ्याऐवजी तुमची विनंती सिंगापूरला गेली, तर तीच सेवा रेंगाळते. तुम्ही डीएनएस बदललं असेल तर कधीकधी हे त्यामुळेच होतं. दोन कंपन्यांमधला जोड भरलेला असणं, समुद्राखालची केबल तुटणं हीसुद्धा कारणं असतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं नेट मंदावलं होतं, आणि त्यात थ्रॉटलिंग कुणीच केलेलं नव्हतं.

मुद्दाम अडवल्याचं सर्वात नीट सिद्ध झालेलं प्रकरण अमेरिकेतलं. २००७ मध्ये कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी फाइल वाटण्याच्या बिटटोरंटच्या जोडण्यांमध्ये बनावट ‘रीसेट’ पॅकेट घुसवत होती. दोन्ही बाजूंच्या संगणकांना वाटायचं की समोरच्यानेच जोडणी तोडली. रॉब टोपोल्स्की या ग्राहकाने पॅकेट टिपून ते पकडलं. असोसिएटेड प्रेसने स्वतःच्या चाचण्या घेऊन दुजोरा दिला आणि ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, कंपनीला हे बंद करायला सांगितलं. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण एफसीसीला तसा अधिकार कायद्याने दिलेला नाही असं त्याचं म्हणणं होतं. पुरावा पक्का होता, नियम कच्चा होता.

तपासायला व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे गुप्तपणे नेणारी सोय) लावून तीच सेवा पाहतात. व्हीपीएनवर वेग वाढला तर काहीतरी वेगळं आहे एवढंच कळतं, कारण व्हीपीएनने रस्ताही बदलतो. याहून बरी चाचणी नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या ‘वेहे’ या ॲपची. ते एका सेवेचा टिपलेला प्रवाह एकदा जसाच्या तसा आणि एकदा ओळख पटणार नाही असा बदलून, एकाच सर्व्हरवरून पाठवतं. रस्ता तोच राहिल्यामुळे दोन्ही वेगांत पुन्हापुन्हा मोठा फरक आला तर संशयाला आधार मिळतो.

व्हिडिओ धूसर दिसतो. तो कंपनीच करते का?

कधीकधी सेवाच करते. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा भारतात व्हिडिओ सेवांनी मोबाइलवरचा दर्जा काही काळ ४८०पीपर्यंत मर्यादित केला होता. त्याआधी २०१६ मध्ये नेटफ्लिक्सने मान्य केलं होतं की काही मोबाइल कंपन्यांच्या ग्राहकांना ती स्वतःच ६०० केबीपीएसवर व्हिडिओ देत होती.

भारतात नियम काय आहेत?

८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामक ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी घातली. एखादी साइट फुकट आणि बाकीच्या पैशाने, हे तेव्हा बंद झालं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या मजकुराला सारखी वागणूक देण्याच्या) शिफारशी केल्या, जुलै २०१८ मध्ये सरकारने त्या स्वीकारल्या आणि परवान्यांत अट आली: मजकुरावरून अडवणं, वेग कमी करणं किंवा एखाद्याला पुढे काढणं चालणार नाही. वाजवी ट्रॅफिक मॅनेजमेंटला सूट आहे, पण ते गरजेपुरतं, तात्पुरतं आणि उघडपणे सांगितलेलं असावं असा त्यामागचा अर्थ. वाजवी म्हणजे काय हे ठरवायला आणि उल्लंघनावर लक्ष ठेवायला अनेक पक्षांचं एक मंडळ असावं, असं ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये सुचवलं. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच, कारण नियम मोडला गेला का हे तपासणारं कुणी नसेल तर ग्राहकाच्या हाती फक्त संशय उरतो.

एफयूपी यात बसते, कारण ती सगळ्या मजकुराला सारखी लागते. सरकारी आदेश वेगळे. जम्मू-काश्मीरमध्ये जानेवारी २०२० पासून मोबाइल डेटा सुरू झाला तो २जी वेगानेच. दोन जिल्हे वगळता ४जी परत यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्या काळात ऑनलाइन शाळा आणि डॉक्टरांचा सल्ला २जीवर चालवावा लागला. वेग कमी करणं हे बंद करण्यापेक्षा सौम्य वाटतं, पण एका पातळीखाली दोन्हींत फरक राहत नाही.

घरात एकाने फोटो अपलोड करायला घेतले की सगळ्यांचे कॉल तुटतात. काय करावं?

याला बफरब्लोट म्हणतात, आणि आमच्या मते घरातल्या ‘नेट खराब आहे’च्या तक्रारींतलं हे सर्वात दुर्लक्षित कारण. राउटर किंवा ओएनटीमध्ये (घरात लावलेल्या फायबरच्या डब्यात) गरजेपेक्षा मोठी रांग असते. अपलोड १० एमबीपीएस आणि रांग १ मेगाबाइटची असेल, तर ती भरल्यावर प्रत्येक पॅकेट ०.८ सेकंद थांबतं. कॉलसाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, त्यामुळे बोलणं एकमेकांवर आदळतं. प्लॅन वाढवून हे जातंच असं नाही. रांग हुशारीने चालवावी लागते.

ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची प्रणाली चालणाऱ्या राउटरवर असं करा. लॅन केबल लावून, घरातलं बाकी सगळं बंद ठेवून वेग तीनदा मोजा आणि सर्वात कमी आकडा घ्या. रांग सांभाळणारं एसक्यूएम पॅकेज बसवा, डब्ल्यूएएन (बाहेरच्या लाइनचा) इंटरफेस निवडा, डाउनलोड आणि अपलोड दोन्हींत मोजलेल्याच्या ९० टक्के आकडा किलोबिटमध्ये भरा. रांगेचा प्रकार ‘केक’ निवडा. लिंकच्या पानावर इथरनेट निवडून ओव्हरहेड ४४ ठेवा, थोडा जास्त असला तरी नुकसान नाही. आता अपलोड चालू ठेवून पिंग पाहा. रिकाम्या लाइनपेक्षा १०-२० मिलिसेकंदांच्या आत राहिलं तर आकडा दोन-दोन टक्क्यांनी वर न्या, पिंग उसळलं की एक पायरी मागे या.

९० टक्के का, असं विचारतात. आपण मुद्दाम लाइनपेक्षा किंचित हळू पाठवतो, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्या राउटरमध्ये साचते आणि तिथे ‘केक’ तिला आटोक्यात ठेवतो. १०० टक्के भरलं तर काहीच उपयोग होत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू राहिलं तर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात, ते बंद करा. राउटरचा प्रोसेसर दुबळा असेल तर वेग मध्येच अडतो. तसं असेल तर फक्त अपलोडवर एसक्यूएम ठेवा, निम्म्याहून जास्त त्रास तिथेच असतो. ४जी-५जी राउटरवर लाइनचा वेग सतत बदलतो, त्यामुळे एक स्थिर आकडा तिथे टिकत नाही.

राउटरमध्ये ही सोयच नसेल तर जड सॉफ्टवेअरला आवर घाला. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये अपलोडची मर्यादा घालता येते, विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनखालीही. टोरंटचं अपलोड लाइनच्या ८० टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका.

वसतिगृहात २०० एमबीपीएस आणि साठ मुलं. वाटप कसं करावं?

प्रत्येकाला ३ एमबीपीएसची पक्की मर्यादा घालू नका. दुपारी पाचच मुलं असतात तेव्हा १८५ एमबीपीएस रिकामे पडतात आणि त्या पाच जणांचं काम तरीही अडतं. साइट अडवत बसण्याचाही फायदा नाही, मुलं व्हीपीएन लावतात. माणशी समान वाटा ठरवा. मायक्रोटिक राउटरवर पीसीक्यू (समान वाटे करणारी रांग) वापरा, दर शून्य ठेवा म्हणजे त्या क्षणी जेवढे वापरकर्ते तेवढे समान भाग होतात. वरच्या रांगेची मर्यादा लाइनपेक्षा कमी, १९० च्या आसपास हवी. पॅकेट आडवाटेने झटपट सोडणारा फास्टट्रॅकचा नियम चालू असेल तर ती सिंपल क्यूमधून (लावलेल्या रांगेतून) जातच नाहीत, आणि ‘क्यू लावला पण चालत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हाच नियम असतो.

तक्रार करण्याआधी पुरावा कसा गोळा करू?

वायफायवरची चाचणी कंपनी मान्य करत नाही आणि ते योग्यच आहे. लॅन केबल लावा. सकाळी, दुपारी आणि रात्री, आठवडाभर, दोन वेगळ्या ठिकाणांवरून वेग मोजा. एक नेहमीची स्पीड टेस्ट, जिचा सर्व्हर बऱ्याचदा कंपनीच्याच आवारात असतो, आणि दुसरी फास्ट डॉट कॉम, जी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. त्याच वेळी तीन पिंग चालू ठेवा: घरचा राउटर, कंपनीचा पहिला टप्पा आणि ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस सर्व्हर). राउटरचंच पिंग उसळत असेल तर दोष घरात. राउटर शांत आणि पहिला टप्पा उसळतोय तर दोष लाइनमध्ये किंवा ओएलटीवर. तिसरंच उसळतंय तर कंपनीच्या पुढच्या जोडात. प्रत्येक चाचणीचं चित्र तारीख-वेळेसह ठेवा.

तक्रार कुठे, कोणत्या क्रमाने?

आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात, आणि डॉकेट (तक्रारीचा) क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तिथे समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. अपिलाला शुल्क नसतं आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवून वाट पाहण्यात वेळ जातो. दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मात्र नोंद करता येते. ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे, कारण दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तक्रारीत ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. तारीख, वेळ, केबलवर मोजलेला वेग, तीन ठिकाणचं पिंग आणि प्लॅनमध्ये कबूल केलेला वेग एका तक्त्यात द्या.